आतली कडी

"आतून कडीच नाही," मोटार निरीक्षक आनंदराज म्हणाले. "बसणाऱ्यानं उतरायचं कसं?"

सिद्धलिंगनं बाहेरच्या कडीवर बोट ठेवलं. देवणीत वेल्डिंगचं दुकान चालवणारा हा गडी तसाही मोजूनच बोलायचा. जुन्या मालरिक्षाच्या सांगाड्यावर आठ महिने खपून त्यानं ही बंद तीनचाकी उभी केली होती. पुढं चालक, मागं एकच खुर्ची. ताठ पाठीची, मांडी घालता येईल एवढी रुंद. चहूबाजूंनी काच. छत इतकं उंच, की लातूरच्या पासिंगच्या मैदानात जो तो वळून बघत होता. दोनदा गाडी परत गेली होती. एकदा ब्रेकसाठी, एकदा दिव्यांसाठी. आजची तिसरी खेप.

आज मागच्या खुर्चीत त्याची अव्वा, म्हणजे आई मल्लम्मा, बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडाचं बोळकं. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण म्हातारीचा एकच हेका, "माझ्या डोळ्यांदेखत पास होऊ दे. मग बघू."

"आजींसाठी बनवली का?" आनंदराजांनी विचारलं.

"हाव. बापाच्या वेळी लई आबदा झाली, साहेब. गावात जवान पोरगं न्हाई, सगळे पुण्या-हैदराबादला. चार माणसं गोळा करता करता दुपार कलली."

आनंदराज रत्नागिरीहून नुकतेच बदलून आले होते. ऐकून त्यांना गलबलून आलं. त्यांचे वडीलही दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणूनच गेले होते.

"वेग किती?"

"वीस. घाई कुठं हाय?"

"छातीला पट्टा आहे, छान. आणि छताला हे आकडे?"

"हार अडकवायला."

"हौसेला मोल नाही बुवा!" आनंदराज हसले. ब्रेक, दिवे, आरसे, सगळं त्यांनी तपासलं. काम चोख होतं. त्यांनी पेन काढलं आणि पुन्हा दाराकडं बघून थांबले.

"नाही, आतून कडी पाहिजेच. उद्या आजी आत अडकल्या म्हणजे? लावून आणा. पुढची तारीख महिन्यानं."

सिद्धलिंगचा चेहरा खर्रकन उतरला. महिना! अव्वाजवळ महिना होता कुठं? सांगायला त्यानं तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि परत मिटलं.

मल्लम्मानं काचेवर टकटक केलं. त्यानं बाहेरून दार उघडलं.

"पोरगं माझ्यादेखत बोलाया लाजून राहिलंय, साहेब," ती म्हणाली. तिनं पाय वर घेतले, मांडी घातली, पट्टा छातीवर ओढला आणि ताठ बसून डोळे मिटून दाखवले. "आमच्यात मेलेल्या माणसाला निजवत न्हाईत, असं बसवून नेतात. मग आतून दार उघडायचं कुणी?"