नाव पुन्हा तिथंच

२००९ सालची गोष्ट आहे, निम्मी तरी खरी धरा. कागल एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा सगळा कारभार लांब परदेशातल्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर चालायचा. फौंड्रीत कामाला असलेल्या शिवलीलानं असा प्रोग्राम लिहिला, की रोज सकाळी नऊ वाजता तो एकेका कॉम्प्युटरवर फिरायचा आणि कुणी काही बदललं असेल, तर ते तिनं ठरवून दिलं होतं तसं पुन्हा करून ठेवायचा. दादासो मालकांनी केबिनमधली खुर्ची सरकवली, तर नऊला तीही आपसूक जागेवर जायची.

“पोरी, सगळं आपोआप हुतंय, मग तुझं काय काम उरलं?” मालक म्हणाले.

“काय न्हाय की,” म्हणून ती घरी गेली.

मालकांनी स्वतःच्या हातानं तिचं नाव कॉम्प्युटरवरच्या कामगारांच्या यादीतून काढलं. दुसऱ्या दिवशी नऊला ते परत आलं. आठवडाभर मालक नाव काढायचे आणि प्रोग्राम ते परत घालायचा. असंच चाललं तर पहिल्या तारखेला तिचा पगारही आपोआप निघणार, हे ध्यानात आल्यावर त्यांनी फोन लावला.

“अगं बया, त्यो तुझा प्रोग्राम बंद कसा करायचा, तेवढं सांग की!”

शिवलीला घरी निवांत शेंगा सोलत बसली होती. “सांगितलं असतं मालक, पर ते कामावरच्या माणसाचं काम. मला तुमी काढलंय न्हवं?”

“कोण म्हणतंय काढलंय?” मालक समोरच्या पडद्याकडं बघत म्हणाले. “तुझं नाव तर हाय की हितं!”