तुमच्यासाठी तिसरा शब्द

सासरे इंग्रजीचे प्राध्यापक. मुलगा लग्न करून तिला घरी घेऊन आला, तेव्हा ते दार अडवून उभे राहिले आणि वर्गात समजावावं तसं म्हणाले, "डिक्लाइन म्हणजे गोड बोलून नकार देणं. रिजेक्ट म्हणजे पारखून बाजूला टाकणं. आणि रिपेल म्हणजे आल्या पावली हाकलून देणं. सूनबाई, तुमच्यासाठी तिसरा."

पुढे पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. गेलेली वाचा परत आणणं हा तर तिचा व्यवसायच. झालं गेलं गिळून ती त्यांना आपल्या घरी घेऊन आली. रोज पलंगाशी बसून एकेक शब्द घोटून घ्यायची. घोटलेला तेवढाच शब्द परत येत होता. पाणी आलं, ऊन आलं, चहा आला, 'हो' आलं.

"देवमाणूस आहेस तू," नवरा म्हणाला.

त्याची रजा संपली. निघताना तो वडिलांजवळ वाकला. "बाबा, मी आता सहा महिने जहाजावर. हिच्यापाशी राहाल ना? नसेल राहायचं तर आत्याकडे सोय करतो. मोकळेपणाने सांगा."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, डावा हात हवेत झटकला गेला. मुलाने तो प्रेमाने धरला.

"हो," ते म्हणाले. मग जिवाच्या आकांताने, "हो! हो!"

नवऱ्याने निश्चिंत होऊन बॅग उचलली. तिने सासऱ्यांचे डोळे हलकेच पुसले. नकाराचा एकही शब्द तिने त्यांच्याकडून अजून घोटून घेतला नव्हता.