जेनिफरचं ऑर्किड

कुंडी उपडी केली आणि एंजेलाने ओढणी नाकाला लावली. मुळं कसली, नुसता लगदा! तपकिरी, बुळबुळीत. बोटाने दाबलं की साल हातात यायची आणि आतून दोऱ्यासारखं काहीतरी लोंबायचं. वास तुंबलेल्या मोरीचा. वर चिलटं घोंगावत होती, ती वेगळीच.

"शी, शी, शी!" ती एकटीच ओरडली. "मागच्या महिन्यात तर सगळं धुऊन-कापून लावलं होतं!"

हे ऑर्किड स्टीफनच्या पहिल्या बायकोचं. जेनिफर जाऊन तीन वर्षं झाली होती, एंजेलाला भिंगारच्या या घरात येऊन एक. जेनिफरच्या साड्या वाटल्या गेल्या, कपाट विकलं गेलं. झाड तेवढं राहिलं, हॉलमध्ये, तिच्या फोटोखाली. कुणीही आलं की आधी झाडाकडे बघायचं, मग एंजेलाकडे. चर्चमधल्या बायका तर एक उसासा टाकल्याशिवाय चहाला हात लावत नसत.

एंजेलाला त्या झाडाचा मनापासून तिटकारा होता. ती जांभळी फुलं, ती जाड रबरी पानं, सगळ्याचाच. पण ते मरून चालणार नव्हतं. दुसरी आली आणि वर्षाच्या आत पहिलीचं झाड खाल्लं, असं बोलायला लोक टपलेलेच होते. लोक गेले खड्ड्यात, पण स्टीफनचं काय? तो संध्याकाळी ऑफिसातून आला की पाण्याची बाटली हातात तशीच धरून आधी झाडासमोर उभा राहायचा.

आणि येत्या रविवारी दुपारी जेनिफरच्या स्मरणार्थ घरी प्रार्थना होती. पाळकसाहेब येणार, जेनिफरची आई सत्यशीलाबाई येणार. मागच्या वेळी त्यांनी एंजेलाचा हात धरून म्हटलं होतं, "माझी पोर आता एवढीच उरलीय गं. सांभाळशील ना?" आता यावर नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं माणसाने?

तिने कात्री स्पिरिटने पुसली आणि सडकी मुळं कापायला घेतली. कात्रीलासुद्धा तो चिकटा लागत होता. तेवढ्यात सासूबाई, मरियाबाई, भिंत धरत धरत दारात आल्या.

"आई, परत पाणी घातलंत ना तुम्ही?"

"मी न्हाई, बाई."

"मग काय झाड नळावर जाऊन पिऊन येतं?"

"तू नको म्हनलीस तवापासून हात लावला न्हाई मी. प्रभू साक्षी हाय."

प्रभूला तरी कुठे कुठे साक्षीला बोलवायचं! या बाईचा तांब्या दिवसभर घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फिरायचा. शेवंतीला पाणी, कढीपत्त्याला पाणी, शेजारणीच्या कोरफडीलाही पाणी. एंजेलाने दात ओठ खाल्ले आणि कात्री चालवली.

स्टीफन आला तेव्हा मुळं वर्तमानपत्रावर पसरलेली होती. त्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"जगेल का?"

"दोन मुळं धड आहेत. तेवढ्यावर जगेल."

"नक्की?"

"अहो, नक्की. तुम्ही नका काळजी करू."

तो खाली मान घालून अंगणात निघून गेला. एंजेलाला गलबलून आलं, आणि खरं सांगायचं तर जळफळाटही झाला. किती जीव याचा त्या झाडात! आपल्याला ताप आला तेव्हा तरी असं तोंड उतरलं होतं का याचं?

तरी तिने सगळं नीट केलं. कापलेल्या जागी हळद दाबली. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले, विटेचे तुकडे केले आणि झाड नव्या मातीच्या कुंडीत बसवलं. जुन्या चिनीमातीच्या कुंडीला भोकंच नव्हती. हिला बुडाशी चांगली मोठी पाडून घेतली. मग बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर कुंडी चढवून तिने घरात जाहीर केलं, "रविवारपर्यंत थेंब घालायचा नाही. कुणीही!"

सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्याची पायरी चढवत नव्हती. कपाटापर्यंत त्यांचा तांब्या पोचणं शक्यच नव्हतं.

शनिवारी तिने स्टुलावर चढून बघितलं. कोळसे ओले होते. एंजेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारी स्टुलावर चढते? या वयात? पडली तर पुन्हा नाव आपलंच! पण उद्या घरात प्रार्थना होती, तोंड उघडण्याची सोय नव्हती. तिने कोळसे तेवढे बदलले.

रविवारी सकाळी ती सासूबाईंना रिक्षाने चर्चला घेऊन निघाली. "तुम्ही व्हा पुढे," स्टीफन म्हणाला. "मी दुपारच्या खुर्च्या मांडून येतो."

चर्चच्या फाटकाशी सासूबाईंना आठवलं की चष्मा घरीच राहिला. त्यांना आत बसवून एंजेला त्याच रिक्षाने परत फिरली. म्हातारी चर्चमध्ये, म्हणजे आज तरी झाड कोरडं राहणार, एवढंच समाधान होतं.

अंगणात एकही खुर्ची मांडलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. बेडरूममध्ये पाऊल टाकलं तर तळवा ओला झाला. कपाटाच्या दारावरून पाणी ओघळत होतं.

स्टुलावर स्टीफन उभा होता. रिकामी बाटली काखेत, एका हातात तिरकी धरलेली कुंडी. दुसऱ्या हाताने तो कुंडीच्या भोकांत कणकेचे गोळे कोंबत होता.

"अहो! काय करताय? सडेल ना ते!"

तो दचकला, पण कुंडी काही त्याने सोडली नाही.

"सडू दे की गं," स्टीफन म्हणाला. "आणखी किती वेळा वाचवणार आहेस त्याला?"