डाव्या पायाची चप्पल

हरलाल वावटळीत मेला. छे, मेलाच नाही. सरकारी नोंदीत वावटळ सौम्य होती आणि सौम्य वावटळीत माणसं मरत नाहीत. भोपाळहून नुकसानीची पाहणी करायला आलेल्या सत्यजितला हरलालच्या बायकोने बोडकं घर दाखवलं. छप्पर उडू नये म्हणून नवरा दोराला लोंबकळला आणि पत्र्यांसकट शेजारच्या गावात पडला. "तो मौत उधर की, मदद भी उधर से," सत्यजित म्हणाला. "उधरवाले बोलते हैं, आदमी तुम्हारा," ती म्हणाली. "चप्पल तो यहीं छूटी, साब." तिने पदराखालची डावी चप्पल पुढे केली. सत्यजितने ती दोन्ही हातांनी घेतली, फोटो काढला आणि नुकसानीच्या रकान्यात लिहिलं: चप्पल, एक. पुरावा अर्धाच होता, म्हणून नियमाप्रमाणे त्याने खाली जोडलं: हरलाल यांनी उजव्या चपलेसह मूळ जागी समक्ष हजर राहावे, ही विनंती.