वहिनींचं माप

गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही.

बोगदा केवढा, तर पंधरा पावलांचा. पलीकडच्या तोंडाशी क्लबची मंडळी फुलं घेऊन उभी होती. मिनिटभर टाळ्या वाजल्या, मग हात दुखायला लागले. सिग्नल सांभाळणारे दंतवैद्य रोज लोकांच्या तोंडात डोकावतात तसे वाकून आत डोकावले आणि म्हणाले, "काही दिसत नाही. अंधार आहे."

गाडी म्हणजे बागेतली छोटी रेल्वे. रूळ वीतभर रुंद, इंजिन गुडघ्याएवढं, बॅटरीवर चालणारं. डब्यावर घोड्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. क्लबात सगळे हौशी, बिनपगारी आणि म्हणूनच भलतेच शिस्तीचे. शिटीशिवाय तिथे पान हलत नसे. आज नव्या मार्गाचं उद्घाटन होतं, आणि क्लबचा नियम असा की नव्या रुळांवरची पहिली फेरी फक्त ड्रायव्हर आणि गार्डची. डबा एकच. पुढे ड्रायव्हर, त्याच्या पाठीला चिकटून गार्ड.

पंचाईत एवढीच की ड्रायव्हर आणि गार्ड सख्खे भाऊ होते, आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण या नव्या मार्गावरूनच झालं. थोरल्याला तळ्यावरून पूल हवा होता, धाकट्याला टेकाडातून बोगदा. मतदानात बोगदा एका मताने जिंकला आणि अबोला सुरू झाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं झेंड्याने आणि शिटीने. थोरल्याने हिरवा झेंडा हलवला की 'नीघ', धाकट्याने शिटी वाजवली की 'निघालो'. घर एकच, वर धाकटा, खाली थोरला. घरात झेंडे नसल्यामुळे तिथला कारभार वहिनींच्या, म्हणजे थोरल्याच्या बायकोच्या, तोंडून चाले. "वहिनी, दादाला सांग, पाणी गेलंय." "त्याला सांग, मला दिसतंय."

बोगद्याचं काम निघालं त्या दिवशी धाकट्याने जाहीर केलं, "उद्घाटन झालं की मी बसवलेले निम्मे रूळ उपटून नेणार. माझा क्लब वेगळा." हे वहिनींच्या कानावर आलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर सहा वर्षांचा होता. त्याच्या शाळेच्या चड्डीपासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं त्यांनीच शिवलं होतं.

बोगद्याचं मापही वहिनींनीच दिलं, कारण भावांचा एकमेकांच्या टेपवर विश्वास नव्हता. वहिनींच्या टेपवर साऱ्या गल्लीचा होता. चाळीस वर्षांच्या शिलाईकामात त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं. त्यांनी दोघांना स्टुलावर बसवलं, टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावली, तोंडाचा आणि मधला असे दोन आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि ती गवंड्याला दिली. गवंडी क्लबचाच सभासद. "तोंड ऐसपैस आहे, पण मधे छत जरा बुटकं वाटतंय," तो नंतर म्हणाला होता.

"कापड कापून झाल्यावर माप विचारता?" वहिनींनी झापलं.  मग वहिनींनी छताला आतून जाड स्पंज चिकटवून घेतला, कुणाचं डोकं आपटायला नको म्हणून.

चाचणीतही काही कळायचं कारण नव्हतं. उद्घाटनाआधी नव्या रुळांवर कोणी बसायचं नाही, हा क्लबचा दुसरा नियम. इंजिनाचं हँडल दाबून दोरीने बांधायचं, रिकामी गाडी आत सोडायची आणि धावत पलीकडे जाऊन झेलायची. गाडी दर वेळी झोकात बाहेर आली. थोरला मात्र त्या आठवड्यात कंबर धरून फिरत होता. "रात्री फळीवर झोपल्यासारखं वाटतं," म्हणायचा. कोणी मनावर घेतलं नाही. साठीनंतर माणसाची कंबर कुरकुरतेच.

आता बोगद्यातून आवाज आला. शिटीचा नव्हे.

"दादा, माझ्या पाठीवरून ऊठ!"

पलीकडे सगळ्यांनी श्वास रोखला.

"उठू कुठे? वर छत आहे!"

"मग मागे सरक!"

"मागे सरकलो तर पडेन. तू हँडल दाब ना!"

"हात माझ्याच पोटाखाली अडकलाय. किती वजन वाढलंय तुझं!"

"तुझ्या वहिनीला विचार!"

झालं होतं ते असं. छत खाली आलं तसा धाकटा पुढे वाकला, थोरला त्याच्यावर पालथा पडला, आणि धाकट्याच्या हातून हँडल सुटलं. हँडल सुटलं की इंजिन जागच्या जागी थांबतं. ती सोय धाकट्यानेच मोठ्या हौसेने केली होती.

 आत धाकटा खिदळला. मागोमाग थोरल्याचं ते जुनं हसू आलं, खोकल्यात संपणारं. वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

पायांनी मागे रेटत रेटत दोघांनी वीस मिनिटांनी गाडी उलटी, शिरली त्याच तोंडातून बाहेर काढली. फुलंवाल्या मंडळींना टेकाडाला वळसा घालून पळावं लागलं. भाऊ तारस्वरात भांडत होते.

"पूल केला असता तर ही वेळ आली नसती!"

"करू की पूल पुढच्या वर्षी! माझे रूळ आहेत ना!"

"तू तर उपटून नेणार होतास!"

"कोण म्हणालं उपटणार?"

गवंडी तेवढा कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. तो हळूच वहिनींजवळ आला. "वहिनी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलं हो तुमचं माप."

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, पर्स उघडली आणि घडी घातलेली दुसरी चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली.

"हे खरं माप. उद्या छत वर घ्या," त्या म्हणाल्या, "आणि स्पंज जपून काढा, यांच्या गादीतला आहे."