उन्हाचा बंदोबस्त

कपाशीवर बोंडअळी पडली ते वर्ष. सकाळी नऊ वाजता पांढरकवड्यात जमीरला अम्मीच्या चेहऱ्यावर फोड उठलेले दिसले. गालातल्या कॅन्सरसाठी तिला नागपूरला नवं औषध टोचलं होतं. त्याचे सूक्ष्म कण उजेड पडला की जागे होत, म्हणून आठ दिवस अंधारात राहायचं होतं.

"ऊन लागू दिलं का?" जमीरनं फोन लावताच डॉक्टर कडाडले.

"कायचं ऊन, साहेब!" अम्मीच बोलली. "जमीरनं खिडक्याईले पोते ठोकले. मले एकटं वाटू नये म्हणून दुकानबी इथंच मांडलं. सूर्याच्या बापाले पत्ता नाही!"

जमीरची मान वर होईना.



तीन दिवसांपासून तो तिच्या पलंगाशेजारी बसून वेल्डिंग करत होता, आणि हे डॉक्टरांना त्यानं अजून सांगितलेलं नाही.