शुयिन्शी

गाठ तपासायच्या दोन सुयांचे निकाल वेगळे निघाले, तर डॉक्टर दौरेनच्या प्रबंधाचं सोनं होणार होतं. म्हणून कुल्याशच्या काखेतल्या एकाच गाठीत त्यानं आधी बारीक सुई खुपसली, मग जाड. स्तनातला कॅन्सर तिथवर पोचलाय का, एवढंच तिला कळायला हवं होतं. निकाल हाती येताच डॉक्टर धावतच तिच्या वॉर्डात शिरला. "शुयिन्शी द्या, शुयिन्शी!" त्यांच्याकडे शुभवार्ता आणणाराच असं बक्षीस मागतो, म्हणून तिनं कानातले डूल काढून त्याच्या हातावर ठेवले. "वाचले ना रे, लेकरा?" पण तो तिच्या उशाशी उभ्या आपल्या प्राध्यापकांना सांगत होता, "उस्ताद, बारीक सुई चुकली! जाड सुईनं कॅन्सर पकडला!" "मेल्या, माझ्या मरणाची बक्षिसी मागतोस?" कुल्याश कडाडली. त्यानं ओशाळून डूल पुढे केले. "दिलेलं परत घेत नाही मी. बायकोच्या कानात घाल, रोज तुला दिसू देत!" पदवी डॉक्टरची, काख कुल्याशची आणि गेले ते डूलही तिचेच.